उपरा अणू बसला कुठे?

स्वीडनच्या स्वेन रिनमनने १७८० मध्ये एक हिरवा रंग तयार केला. कोबाल्टचे आणि जस्ताचे क्षार एकत्र करून भट्टीत चांगले तापवले की तो हाती येई. चित्रकारांच्या पेटीत तो ‘कोबाल्ट ग्रीन’ या नावाने गेला, रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ‘रिनमनचा हिरवा’ म्हणून राहिला. यातले झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्त हवेत जाळल्यावर उरणारी भुकटी, जातीची पांढरीशुभ्र. हिरवेपणा सगळा कोबाल्टचा. पुढे १८१० मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर आर्चिबाल्ड ब्रूस यांनी न्यू जर्सीतल्या एका तांबड्या खनिजाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेही झिंक ऑक्साइडच. आज त्याला झिंकाइट म्हणतात आणि त्याच्या लालीचे श्रेय मुख्यतः त्यात मुरलेल्या मँगनीजला दिले जाते. आज प्रयोगशाळांत काचेवर मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ झिंक ऑक्साइडचा थर चढवतात आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम, गॅलियम, इंडियम, कोबाल्ट असे धातू मुद्दाम मिसळतात. त्या डोपिंगच्या धंद्याचे हे दोन रंग पूर्वज म्हणायला हरकत नाही. मिसळलेल्या धातूमुळे थराची स्फटिकरचना कशी बदलते, या प्रश्नाला एक ठरीव उत्तर आहे. उपरा अणू जस्ताच्या जागी जाऊन बसतो. तो जस्ताहून लहान असला तर स्फटिकाची जाळी आक्रसते, मोठा असला तर फुगते. हे उत्तर मला अर्धेच खरे वाटते. या पदार्थाचा दोन शतकांचा इतिहास नीट वाचला तर दिसते ते असे की उपऱ्या धातूने केलेल्या बदलांचा मोठा हिस्सा जाळीबाहेर घडतो: थर वाढत असताना त्याने आणलेल्या व्यत्ययातून आणि स्फटिककणांच्या सीमेवर त्याने मांडलेल्या ठाणातून.

हा प्रश्न पडायलाच बराच काळ जावा लागला, कारण झिंक ऑक्साइडच्या व्यापारात परका धातू म्हणजे निव्वळ डाग होता. राजस्थानातल्या जावरला मध्ययुगात जस्ताचे ऊर्ध्वपातन मोठ्या प्रमाणावर चाले आणि वैद्यांच्या जसद भस्मात मुख्यतः झिंक ऑक्साइडच असते. पण तिथेही शोधन, म्हणजे शुद्धीकरण, हा पहिला संस्कार. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसचे रंगकंत्राटदार लक्लेर यांनी शिशाच्या पांढऱ्या रंगाला पर्याय म्हणून जस्ताचा पांढरा रंग मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला. शिशाने रंगारी आजारी पडत, मरत. जस्ताने तसे होत नव्हते. धातूरूप जस्ताची वाफ हवेत जाळण्याच्या त्यांच्या पद्धतीला आजही ‘फ्रेंच पद्धत’ म्हणतात. अमेरिकेत १८५० च्या दशकात थेट खनिजापासूनच ऑक्साइड काढण्याची रीत निघाली. ती स्वस्त होती, पण खनिजातले इतर धातू मालात उतरत, म्हणून तो माल कमी प्रतीचा धरला जाई. पांढरेपणावर भाव ठरत असेल तिथे परक्या अणूला कोण विचारणार, तू नेमका कुठे बसला आहेस?

ते विचारायचे साधन क्ष-किरणांनी दिले. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९२० मध्ये झिंक ऑक्साइडची रचना मांडली. षट्कोनी बांधणी, जस्ताच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू, आणि ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूभोवती जस्ताचे चार. आजच्या मोजमापात तिची आडवी बाजू ३.२५ अँगस्ट्रॉम आणि उभा अक्ष ५.२१ अँगस्ट्रॉम. त्याच सुमारास आणखी दोन हत्यारे तयार झाली. पाउल शेरर यांनी १९१८ मध्ये दाखवले की क्ष-किरणांच्या विवर्तनातले शिखर जितके रुंद तितके स्फटिककण बारीक. नॉर्वेचे लार्स वेगार्ड यांनी १९२१ मध्ये सांगितले की दोन पदार्थ एकमेकांत विरघळले तर जाळीचे माप त्यांच्या प्रमाणानुसार सरळ रेषेत बदलते. पुढे १९७६ मध्ये रॉबर्ट शॅनन यांनी आयनांच्या त्रिज्यांची जी सारणी छापली ती आजही प्रत्येक संशोधकाच्या टेबलावर असते. चार शेजारी असलेल्या जस्ताची त्रिज्या तीत ०.६० अँगस्ट्रॉम आहे. अ‍ॅल्युमिनियम ०.३९, गॅलियम ०.४७, मॅग्नेशियम ०.५७, कोबाल्ट ०.५८, मँगनीज ०.६६, कॅडमियम ०.७८. शेरर, वेगार्ड आणि शॅनन एका ओळीत ठेवले की ठरीव उत्तर आपोआप तयार होते. शिखर किती सरकले ते पाहा, सारणीशी ताडून पाहा, आणि निष्कर्ष लिहा. पण वेगार्ड यांचा नियम एकजीव मिश्रणांसाठी होता, शेरर यांचे सूत्र ताणरहित कणांसाठी. हवेत तापवलेल्या काचेवर घाईने जमणारा थर यांपैकी काहीच नसतो. १९५३ मध्ये विल्यमसन आणि हॉल यांनी शिखराच्या रुंदीतून कणांचा आकार आणि जाळीतला ताण वेगळे काढण्याची पद्धत दिली होती. तरीही नुसत्या शेररवर काम भागवणारे निबंध आजही ढिगाने निघतात.

पदार्थाच्या पृष्ठभागावर सगळीकडे सारखे काही नसते, याची चुणूक रेडिओवाल्यांना क्ष-किरणांच्या विवर्तनाच्याही आधी मिळाली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतले ग्रीनलीफ पिकार्ड यांनी झिंकाइटचा खडा आणि तांब्याच्या एका खनिजाचा खडा एकमेकांना टेकवून रेडिओ लहरी पकडणारा ‘पेरिकॉन’ बनवला. १९२२ मध्ये रशियातल्या निझनी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत ओलेग लोसेव्ह या अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाला आढळले की झिंकाइटवर तार योग्य ठिकाणी टेकवली आणि योग्य विद्युतदाब दिला तर तो खडा नुसता लहरी पकडत नाही, त्यांचे वर्धनही करतो, स्वतःही लहरी निर्माण करतो. ट्रान्झिस्टरच्या पाव शतक आधीची ही गोष्ट. मेख ‘योग्य ठिकाणी’ या शब्दांत होती. एकाच खड्यावर एक बिंदू चाले, शेजारचा चालत नसे, आणि चालणारा बिंदू चाचपडतच शोधावा लागे. लोसेव्ह १९४२ मध्ये वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये उपासमारीने गेले आणि निर्वात नळीच्या जमान्यात त्यांचा खडा मागे पडला. मँगनीज आणि लोह यांनी भरलेल्या नैसर्गिक खड्याचा हा लहरीपणा म्हणजे परके अणू जाळीत सारखे वाटले गेलेले नसतात याचाही संकेत असावा. त्या काळी तो तसा वाचण्याजोगे ज्ञान कोणापाशी नव्हते, एवढेच.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात भक्कम आधार मिळतो तो थरांकडून नव्हे, भाजलेल्या चकत्यांकडून. जपानच्या मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस झिंक ऑक्साइडमध्ये बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज, अँटिमनी यांची ऑक्साइडे थोडी थोडी घालून चकत्या भाजल्या आणि १९७१ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. या चकत्या कमी विद्युतदाबाला वीज अडवतात आणि तो दाब एका मर्यादेपलीकडे गेला की क्षणात मोकळी वाट देतात. आपल्या घरातल्या स्पाइक गार्डमध्ये आणि वीज उपकेंद्रातल्या तडितरोधकात आज त्याच असतात. बिस्मथचा आयन जस्ताच्या जवळपास दुप्पट. तो जाळीत शिरूच शकत नाही. भाजताना तो वितळतो, कणांच्या फटींतून पसरतो आणि कणाकणाच्या मध्ये एक अत्यंत पातळ पदर होऊन राहतो. चकतीचा सगळा गुण या सीमेवरचा. जाळीच्या आत मोजमाप करणाऱ्याला तिथे बिस्मथचा मागमूसही लागणार नाही आणि शिखर जागचे हलणार नाही. तरी पदार्थ आमूलाग्र बदललेला असतो. पंगतीत पाट रिकामा दिसला म्हणजे पाहुणा तिथेच बसेल असे थोडेच आहे. कोणी ओसरीवरच बैठक मारतो आणि घरातली सगळी ये-जा अडवून धरतो.

पातळ थरांचा स्वतःचा इतिहास याच दशकात सुरू झाला, आणि तिथे पहिली गरज होती ती सुबक उभ्या रचनेची. झिंक ऑक्साइडवर दाब दिला की वीज निर्माण होते आणि वीज दिली की ते हलते. हा गुण वापरून उच्च कंप्रतेच्या ध्वनिलहरी निर्माण करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या मध्याला निर्वात पात्रात स्पटरिंग करून, म्हणजे आयनांच्या माऱ्याने कच्च्या चकतीतले अणू उडवून, असे थर बनवले गेले. त्याच धाग्याने पुढे टीव्हीच्या फिल्टरांपर्यंत मजल गेली. यासाठी कणांचे उभे अक्ष पृष्ठभागाला काटकोनात, एका दिशेने उभे हवे असतात. झिंक ऑक्साइड ही मागणी सहज पुरी करते, कारण (००२) नावाचे प्रतल उघडे ठेवणे त्याला ऊर्जेच्या दृष्टीने सगळ्यात स्वस्त पडते. काच असली, म्हणजे खालून कसलीही स्फटिकी शिस्त नसली, तरी कण शेतातल्या ताटांसारखे उभे वाढतात. पण या कामासाठी थर विजेला अडवणारा असावा लागतो, आणि झिंक ऑक्साइड तर काही न मिसळताही थोडी वीज वाहू देते. म्हणून त्यात लिथियम घालू लागले. लिथियमने जस्ताची जागा घेतली तर ते इलेक्ट्रॉन पकडते. पण ते इतके चपळ की काही अणू जाळीतल्या मोकळ्या फटींत शिरतात आणि तिथे बसून उलट इलेक्ट्रॉन देतात. एकच धातू दोन ठिकाणी बसून दोन विरुद्ध कामे करतो. अमुक टक्के लिथियम घातले, म्हणून अमुक बदल झाला, हे विधान अशा वेळी जवळजवळ निरर्थक ठरते. किती आत बसले आणि किती फटीत, हे त्यातून कळतच नाही.

अ‍ॅल्युमिनियमची कहाणी जास्त प्रसिद्ध आणि जास्त शिकवणारी. कानाझावा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले तादात्सुगु मिनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मॅग्नेट्रॉन स्पटरिंगने अ‍ॅल्युमिनियम मिसळलेले थर काढले. ते काचेसारखे पारदर्शक आणि तरीही चांगले वाहक होते. टीव्हीच्या आणि पुढे मोबाइलच्या पडद्यांना लागणारे इंडियम महाग आणि दुर्मिळ, तर जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम बाजारात कुठेही मिळणारे. त्यामुळे जगभर या मिश्रणावर काम सुरू झाले. स्पटरिंगसाठी कारखान्यांत रूढ झालेल्या कच्च्या चकतीत वजनाने दोन टक्के अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड असते, म्हणजे धातूच्या दर शंभर अणूंमागे साधारण तीन अ‍ॅल्युमिनियमचे. आता समतोल स्थितीत झिंक ऑक्साइडमध्ये अ‍ॅल्युमिनियम एक टक्क्याहूनही कमी विरघळते. स्पटरिंगच्या घाईगर्दीत अणूंना आपली जागा शोधायला वेळ मिळत नाही, म्हणून त्याहून जास्त जाळीत अडकतात हे खरे. पण सगळे नाही. उरलेले कणसीमेवर जमतात, ऑक्सिजनशी घट्ट जोडले जातात, आणि जास्त तापवले तर जस्त-अ‍ॅल्युमिनियमचे वेगळेच संयुग होऊन बाहेर पडतात. अ‍ॅल्युमिनियम वाढवत नेले की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते: थोड्या प्रमाणात वहन सुधारते, अक्षांची दिशा नीट राहते, कधी आणखी नीट होते, मग एका मर्यादेनंतर कण बारीक होत जातात, (००२) शिखर खुजे आणि रुंद होते आणि वहनही घसरते. ठरीव उत्तराप्रमाणे याचे कारण जाळीतला विपर्यास. मला त्यापेक्षा सरळ कारण दिसते. वाढत्या कणाच्या कडेवर अ‍ॅल्युमिनियम साचले की कडा पुढे सरकत नाही. शेजारचा लहान कण गिळून मोठे व्हायचे जे काम कणाने करायचे ते थांबते. कण बारीक राहतात याला लहान त्रिज्येची गरज नाही, सीमेवर अडून बसणारा कुणीही पुरतो. कणसीमेवर जाणारा बिस्मथसारखा मोठा आयनही कणांची वाढ बदलतो, यातच त्रिज्येच्या युक्तिवादाची मर्यादा उघडी पडते.

यावर शिखर सरकल्याचा पुरावा पुढे केला जाईल. तांब्याच्या क्ष-किरणांनी पाहिले तर शुद्ध झिंक ऑक्साइडचे (००२) शिखर ३४.४ अंशांच्या आसपास येते. अ‍ॅल्युमिनियम घातल्यावर ते थोडे पुढे सरकले, म्हणजे उभा अक्ष आखूड झाला, म्हणजे लहान अणू आत बसला. इतके स्वच्छ अनुमान कसे नाकारायचे? नाकारायचे कारण स्पटरिंगच्या पात्रातच आहे. तिथे वेगाने धावणारे ऑक्सिजनचे आयन वाढत्या थरावर आदळतात, थर आडव्या दिशेने दाबला जातो, आणि दाबलेला थर उभ्या दिशेने लांबतो. म्हणजे काहीही न मिसळलेल्या थराचेच शिखर मुळात ३४.४ च्या मागे असते. असा थर नुसता तापवला तरी ताण सुटतो आणि शिखर पुढे येते. अ‍ॅल्युमिनियमचा एक अणूही न घालता. मिश्रण बदलले की स्पटरिंगमधला वेग, तापमान, आदळणाऱ्या आयनांची संख्या हेही थोडे बदलते, आणि शिखराचे सरकणे या सगळ्याची बेरीज असते. उभ्या अक्षाचे एकच शिखर मोजून त्या बेरजेतला एकच आकडा काढता येत नाही. थर तिरका धरून आडवा अक्षही मोजावा लागतो. हे नवे ज्ञान नाही. तरी (००२) च्या एका शिखरावर सगळी इमारत उभारणारे लिखाण थांबलेले नाही, कारण कणांचे अक्ष एका दिशेने उभे असले की बाकीची शिखरे दिसतच नाहीत. ज्या शिस्तीसाठी हा पदार्थ आवडतो तीच शिस्त त्याची साक्ष अपुरी करते.

भारतात हे शास्त्र फोफावले ते महागड्या निर्वात पात्रांवर नव्हे, फवाऱ्यावर. चेंबरलिन आणि स्कारमन यांनी १९६६ मध्ये कॅडमियम सल्फाइडसाठी वापरलेली स्प्रे पायरोलिसिस ही पद्धत: क्षारांचे द्रावण हवेच्या झोताने बारीक तुषारांत उडवायचे, काच चारशे अंशांच्या आसपास तापलेली ठेवायची, तुषार काचेला भिडताच विघटन होऊन ऑक्साइडचा थर बसतो. दिल्लीच्या आयआयटीत के. एल. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी या मार्गाने इंडियम मिसळलेले झिंक ऑक्साइडचे वाहक थर बनवले आणि १९८३ मध्ये पारदर्शक वाहकांवर लिहिलेला त्यांचा आढावा अजूनही उद्धृत होतो. महाराष्ट्रात या पद्धतीचे मोठे ठाणे म्हणजे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ; तिथल्या पी. एस. पाटील यांनी १९९९ मध्ये लिहिलेला स्प्रे पायरोलिसिसवरचा आढावा जगभर वाचला गेला. थोड्या पैशात, स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेल्या उपकरणावर चांगले थर निघू शकतात हे या परंपरेने सिद्ध केले, आणि त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. पण फवाऱ्यात आणखी एक गोष्ट घडते, जी आपल्या मुद्द्याला थेट लागू आहे. परका धातू इथे एकटा येत नाही. क्लोराइड, नायट्रेट असा एखादा सोबती घेऊन येतो. त्या क्षाराने द्रावणाची आम्लता बदलते, तुषाराचे विघटन बदलते, काचेवर पहिले कण किती आणि कुठे रुजतात हेही बदलते. इंडियम वाढवले की उभ्या अक्षाची शिस्त मोडून कण आडवे पडू लागतात असे फवाऱ्याच्या थरांत पुष्कळदा आढळले आहे. हा परिणाम इंडियमच्या त्रिज्येचा की त्याच्यासोबत आलेल्या क्लोरीनचा, हे तोच धातू दोन वेगवेगळ्या क्षारांतून घालून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तसे करून पाहणारे थोडेच.

याचा अर्थ जागा घेण्याचा परिणाम खोटा आहे असा नव्हे. त्या परिणामाचा उत्तम पुरावा जपानमधूनच आला. ओतोमो, कावासाकी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लेसरच्या झोताने नीलम स्फटिकावर, म्हणजे खालूनच शिस्त असलेल्या पायावर, मॅग्नेशियम मिसळलेले थर वाढवले. समतोलात सुमारे चार टक्केच मॅग्नेशियम झिंक ऑक्साइडमध्ये मावते. या थरांत तेहतीस टक्क्यांपर्यंत गेले. इथे जागा घेतली गेली यात शंकाच नाही, कारण पदार्थाचे प्रकाशशोषणही त्या प्रमाणात अतिनील बाजूला सरकत गेले. पण जाळीचे काय झाले? उभा अक्ष आखूड झाला, आडवी बाजू उलट लांबली, आणि घनफळ जवळजवळ तेवढेच राहिले. मॅग्नेशियम जस्ताहून लहान. नुसत्या त्रिज्येच्या हिशेबाने दोन्ही बाजू आक्रसायला हव्या होत्या. मॅग्नेशियम ऑक्साइडला स्वतःला मिठासारखी घनाकार रचना आवडते, आणि तो ओढा जस्ताची षट्कोनी बांधणी चपटी करतो. म्हणजे जिथे परका अणू निर्विवाद जाळीत बसला तिथेही त्रिज्या पुरी पडली नाही. बंधाचा स्वभाव मोजावा लागला. आणि आधी सांगितलेली आडवा अक्ष मोजण्याची युक्तीही आंधळेपणाने वापरता येत नाही, कारण मॅग्नेशियमचे चपटेपण आणि ताण सुटल्याने आलेला बदल एकमेकांसारखेच दिसतात.

सगळ्यात कडू धडा कोबाल्टने दिला. २००० मध्ये तोमाश दित्ल आणि सहकाऱ्यांनी सिद्धान्ताने सुचवले की मँगनीज मिसळलेले झिंक ऑक्साइड, इलेक्ट्रॉनांऐवजी धन वाहक पुरेसे असतील तर, नेहमीच्या तापमानालाही चुंबकीय राहू शकेल. पुढच्याच वर्षी ओसाकातल्या उएदा, ताबाता आणि कावाई यांनी कोबाल्ट मिसळलेल्या काही थरांत चुंबकत्व दिसल्याचे जाहीर केले, आणि प्रामाणिकपणे हेही लिहिले की दर दहा थरांत एकही धड पुन्हा साधत नाही. मग पूर आला. कुणाला चुंबकत्व दिसे, कुणाला दिसत नसे. जिथे दिसे तिथे नंतरच्या तपासणीत कोबाल्ट धातूचे किंवा त्याच्या ऑक्साइडचे इवलेसे गोळे सापडत, जे विवर्तनाच्या नेहमीच्या मोजणीत लपून राहतात. कोबाल्ट आणि जस्त यांच्या त्रिज्येत इतका कमी फरक की शिखर जवळपास हलतच नाही, म्हणून ‘वेगळे शिखर नाही, म्हणजे सगळे कोबाल्ट जाळीत’ असा निष्कर्ष सर्रास काढला गेला. गंमत म्हणजे कोबाल्ट कुठे बसले याची खात्रीची खूण रिनमनच्या भट्टीपासून उपलब्ध होती. चार ऑक्सिजनांच्या मधोमध बसलेले कोबाल्ट प्रकाशाचा नारिंगी-तांबडा भाग गिळते, म्हणून थर हिरवा दिसतो. जाळीत किती बसले याचा अंदाज शोषणाच्या मोजणीतून घेता येतो. क्ष-किरणांना जे दिसत नव्हते ते रंगाऱ्याच्या डोळ्याला दिसू शकत होते.

व्यवहारी माणूस विचारेल, काम होतेय ना, मग अणू कुठे बसलाय याची उठाठेव कशाला? मात्सुओकांच्या चकत्या त्यांची सीमा समजण्याआधीच विकल्या जात होत्या. आक्षेप रास्त आहे, पण तो बनवण्यापुरता. टिकण्याचा प्रश्न आला की अपुरा पडतो. सौर पट्ट्यांवर अ‍ॅल्युमिनियमवाला थर दमट उष्ण हवेत ठेवला की त्याचा रोध वाढत जातो, आणि पाण्याची वाफ आत शिरते ती कणसीमांवाटे. जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राने हाच दुबळेपणा उपयोगी लावला: थर अगदी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवला की त्याच्यावर खळगे पडतात, आणि खळगेदार पृष्ठभाग प्रकाश विखरून सौर पट्टीत जास्त वेळ कोंडतो. खळगे किती मोठे, किती दाट, हे तिथल्या क्लुथ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये थर चढवतानाचे तापमान आणि वायूचा दाब यांच्याशी जोडून दाखवले. थॉर्नटन यांनी १९७४ मध्ये धातूंच्या थरांची रचना तापमान आणि दाबानुसार दाखवणारा काढलेला नकाशा त्यांनी झिंक ऑक्साइडसाठी दुरुस्त केला. अ‍ॅल्युमिनियमचे प्रमाण त्या नकाशात आणखी एक बाजू होऊन येते, कारण ते कणांचा आकार आणि त्यांची घट्टाई बदलते. त्रिज्या या नकाशात कुठेच नाही.

या युक्तिवादाचे टोक मोबाइलच्या पडद्यात आहे. त्सुकुबाचे नोबोरू किमिझुका यांनी १९८५ मध्ये इंडियम, गॅलियम आणि जस्त यांच्या ऑक्साइडचा पदरांचा स्फटिक बनवला होता. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत केंजी नोमुरा, हिदेओ होसोनो आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तेच तीन धातू साध्या तापमानाला प्लास्टिकवर चढवले. नुसते झिंक ऑक्साइड असते तर ते त्या तापमानालाही स्फटिक झालेच असते. पण तीन वेगवेगळ्या मापांचे धातू एकत्र कोंबल्यावर कुणालाच रांग लावता आली नाही आणि थर पूर्णपणे अस्फटिक राहिला. इथे डोपिंगने जाळी फुगवली नाही की आक्रसवली नाही, जाळीच नाहीशी केली, आणि कणसीमाही. तरी इलेक्ट्रॉन अस्फटिक सिलिकॉनच्या सुमारे दहापट सहजतेने धावले, कारण इंडियमची मोठी गोलाकार कक्षा शेजारी कुठल्याही कोनात असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि गॅलियम ऑक्सिजनला धरून ठेवून नको तितके इलेक्ट्रॉन सुटू देत नाही. २००९ मध्ये जपानच्या सेमीकंडक्टर एनर्जी लॅबोरेटरीत याच मिश्रणाचा आणखी एक प्रकार सापडला. त्यात उभे अक्ष पुन्हा एका दिशेने उभे राहतात, पण एक कण कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे सूक्ष्मदर्शकातूनही ठरवता येत नाही. शार्प कंपनीने २०१२ मध्ये या मिश्रणावर चालणारे पडदे बाजारात आणले.